मुजावर, पु.

कोशाच्या ‘म’चं तिसरं प्रूफ.
मुजरा आणि मुजोर यांच्यामध्ये
अंग चोरून बसलेला एक शब्द:
मुजावर, पु. दर्ग्याचा पुजारी. [अ.]

माझं काम काना-मात्रा बघायचं.
अर्थाला हात लावायचा नाही, बाई,
हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं मला.

पण खिडकीखाली, माझगावच्या उतारावर,
लाकडाच्या वखारीला पाठ लावून
नूरमहंमद मुजावर बसलेले असतात.
आडनावही तेच, कामही तेच.
पुजारी म्हटलं तर हसतील.
पूजा कुठं करतात ते?
सकाळी मोरचेल फिरवतात, कालची फुलं उचलतात,
गोदीतल्या कुणाच्या तापलेल्या पोरावर फुंकर घालतात,
मग उरलेला दिवस
नुसते असतात,
चादरीपासून हातभर अंतरावर.

पीर कोण, कुणालाच नीट ठाऊक नाही.
खलाशी होता म्हणतात. बुडाला म्हणतात.
नाही, बुडणाऱ्यांना काढायचा, असंही म्हणतात.

गेल्या मार्चमध्ये दर्ग्याचा दिवा गेला.
मीटर कुठल्याशा मेलेल्या माणसाच्या नावावर.
हात कापतो म्हणून फॉर्म माझ्याकडे आला.
नाव लिहिलं. वय: अंदाजे बहात्तर.
मूळ गाव: मिरजेच्या अलीकडं, लिवा तुमी, कळतंय त्यास्नी.
मग तो रकाना:
मयताशी नाते.

मी विचारलं, कुठल्या मयताशी?
मीटरवाल्याशी की—
ते बराच वेळ कबरीकडे बघत राहिले.
शेजारी लिवा, म्हणाले.

खिडकीवरच्या कारकुनानं खाली लाल रेघ ओढली.
वारस लिहा, विश्वस्त लिहा,
शेजारी हे नातं नाही.

त्या रात्री मी जाड अरबी कोश काढला,
सासऱ्यांचा, वाळवीनं कडा खाल्लेला.
जार: शेजारी.
मुजाविर: शेजारी राहणारा. जवळ राहिलेला.
एवढंच.
मधे ना मंत्र, ना मान, ना दक्षिणा.
कुणीतरी गेल्यावरही
ज्यानं शेजार सोडला नाही, तो.

मग झोप कुठली?
पुरोहित काढला: पुढे ठेवलेला.
पाट मांडावा तसा पुढे ठेवलेला माणूस.
पाद्री काढला: बाप.
पोर्तुगीज गलबतातून उतरलेला बाप.
आणि भीतभीत आमचं आडनाव काढलं,
उपाध्ये,
जे मी लग्नात घेतलं आणि कधी उघडून पाहिलं नाही.
उप म्हणजे जवळ.
ज्याच्या जवळ जाऊन शिकावं, तो.

जवळ!
आमच्या घरात सोवळं असायचं तेव्हा
सासरे ओरडायचे, लांब, लांब हो,
आणि दारावरच्या पाटीत
तीन पिढ्या तो ‘उप’ ऊन खात बसलेला.

सासरे गेले ते कडक मे महिन्यात, दुपारी.
मुलगा दुबईहून निघालेला, विमान उशिरा.
चार तास खोलीत मी आणि ते.
तेव्हा जिन्यावर चपला काढल्याचा आवाज झाला.
नूरमहंमद आत आले नाहीत.
उंबऱ्याबाहेर, पायरीवर बसले,
ना कलमा, ना श्लोक,
एकदा फक्त म्हणाले, पंखा बंद करा, बर्फ वितळंल.
काळोख पडेपर्यंत बसून होते.
ते तिथं काय करत होते
याला माझ्याजवळ तेव्हा शब्द नव्हता.

प्रूफ उद्या द्यायचंय.
‘पुजारी’वर पेन्सिल टेकवून
मी अर्धा तास बसले आहे.
काना बरोबर आहे. मात्रा बरोबर आहे.
समासात बारीक अक्षरात लिहिते: शेजारी?
प्रश्नचिन्हासकट.
संपादक खोडतील बहुधा.

खाली दिवा अजून आलेला नाही.
वखारवाल्यानं एक वायर टाकून दिलीय, तेवढ्यावर
चादरीचा हिरवा रंग दिसतो
आणि त्याच्या बाजूला
एक पांढरी टोपी, हलत नाही,
डुलकी लागली असावी.